ती चूक माझी

९ जानेवारी, सोमवार

आज 'ब' तुकडीच्या नव्या बाई रुजू झाल्या. हातात ना पर्स, ना पुस्तक. दोन्ही काखांत रिकामी खोकी, एकात एक घातलेली. शिपाईमामा धावत गेले मदतीला. माझ्या वह्यांचा गठ्ठा उचलायला हे गृहस्थ कधी धावले नाहीत, तेव्हा त्यांची कंबर दुखते.

"खोकी कशाला?" मी विचारलं.

"शिकवायला," ती म्हणाली आणि हसली. सारखी हसते. वय असेल तिशीचं. एका वर्षाच्या करारावर आली आहे, तरी हसते.

मी या संस्थेत एकोणीस वर्षं मालवाहतूक आणि ग्राहक सेवा शिकवते. त्याआधी अकरा वर्षं गोदामात काढली, पाठीचा कणा अजून साक्ष देतो. मला शिकवायला खोकी लागली नाहीत. मी तिचं नाव खोकेवाली ठेवलं आहे, अर्थात फक्त या वहीपुरतं.

१२ जानेवारी, गुरुवार

खडू आणायला म्हणून व्हरांड्यातून गेले. खडू माझ्या टेबलात भरपूर होते, पण ते असो.

खोकेवालीने वर्गात तीन टेबलं मांडून तीन खिडक्या केल्या होत्या. बारा मुलं गिऱ्हाईक. त्यातल्या एकाला तिने सहा कागद देऊन मुद्दाम घोळ घालायला सांगितलं होतं. आधी प्रत्येक खिडकीची वेगळी रांग. घोळवाल्याच्या मागे अडकलेल्या पोरांनी जो काही आरडाओरडा केला! शेवटचा आठ मिनिटं थांबला. मग तिने तिन्ही खिडक्यांना मिळून एकच रांग केली. घोळवाला तोच, कागद तेच, पण सगळ्यात जास्त थांबलेला पाच मिनिटांत सुटला. पोरं घड्याळाकडे बघून टाळ्या पिटत होती.

माझ्या वर्गात मी हाच भाग तासाभरात उतरवून देते. रांगांचे चार प्रकार, प्रत्येकाचे तीन फायदे, दोन तोटे. पेपरात बरोबर तेच येतं.

दुपारी माझ्यातलाच एक म्हणतो, "बाई, आपण पण खुर्च्या मांडू या का?"

"खुर्च्या बसायला असतात," मी म्हटलं. सगळ्यांनी मुकाट वह्या उघडल्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी टपाल कचेरीत गेले, तर मी काय करत होते? शेजारच्या रांगेतल्या माणसांची वेळ मोजत होते. जळो मेलं.

१७ जानेवारी, मंगळवार

प्राचार्यांनी दोघींना बोलावलं. पुढच्या वर्षी मुलं कमी, म्हणून 'अ' आणि 'ब' मिळून एकच तुकडी. एक जण वर्ग घेईल. दुसरीला खाली नोंदणी कक्षात जागा. पगार तोच, पण दिवसभर हजेऱ्या आणि दाखले.

"निर्णय मार्चमध्ये," सर म्हणाले. "पंचवीस फेब्रुवारीला समिती येते आहे. त्यांना प्रत्यक्ष काम बघायचंय. त्यावरून ठरवू."

म्हणजे ठरलंच की! प्रत्यक्ष काम म्हणजे खोकी. मी काय समितीला वह्या वाचून दाखवू?

बाहेर आल्यावर ती म्हणते, "बाई, मला हे बरं वाटलं नाही. वर्ग तुमचाच आहे." मी म्हटलं, "हो ना? मग सोडा." एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसांचा मला कायम संशय येतो.

मला नोंदणी कक्षात जायचं नाही. तिथे एक खिडकी आहे, तीही सायकली ठेवायच्या जागेकडे उघडते. एकोणीस वर्षांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवणार.

२३ जानेवारी, सोमवार

परवा शनिवारची गोष्ट. खोकेवालीने 'ब' तुकडीला पाकिटं भरायला लावली होती म्हणे. काहींनी आधी सगळे कागद दुमडायचे, मग सगळी पाकिटं भरायची, मग सगळी चिकटवायची. काहींनी एकेक पाकीट पुरं करत जायचं. पूर्ण व्हरांडा त्याचंच बोलत होता.

काल रविवारी घरी मी ह्यांना म्हटलं, "अहो, जरा इकडे या." आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. हाताला स्थिर, बोलण्यात वाकडे. वीस पाकिटं त्यांना दिली, वीस मी घेतली. ते एकेक पुरं करणार, मी थराथराने. माझा अंदाज, मी सहज जिंकणार.

दुसऱ्या पाकिटाला हे म्हणाले, "अगं, कागद रुंद आहे. तीन घड्या घातल्याशिवाय आत जात नाही." तोवर मी वीसच्या वीस कागदांना दोन घड्या घालून बसले होते. सगळे उलगडायला लागले.

"म्हणजे चूक लवकर कळते," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, हेच चुकलं.

"तू तिच्यावर चिडली आहेस, की तिच्या वर्गात नाव घातलंयस?" ह्यांनी विचारलं. मी पाकिटं तेवढी सगळी पुरी केली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मीही केलं. पाकिटं, टेबलं, घड्याळ, सगळं. आणि फजिती झाली.

सुरू करायच्या आधीच मी सांगून बसले की एकेक करणारे लवकर चूक पकडतील, आणि का पकडतील, त्याची तीन कारणं. सवय! पोरांनी मुकाट्याने पाकिटं भरली. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. चष्मेवालीने तर वही काढून कारणं उतरवून घेतली, वर १, २, ३ असे आकडे घालून. चष्मेवाली म्हणजे माझी सगळ्यात हुशार मुलगी. सकाळी पार्सलच्या दुकानात काम करते, मग वर्गाला येते. एक दिवस चुकवत नाही. तिला जरा काही बोललं की डोळ्यांत पाणी येतं, पण डोकं असं की मी अजून तसं पाहिलं नाही.

मी वर बघितलं तर दारात खोकेवाली.

तास संपल्यावर म्हणते, "बाई, तुम्ही गोदामात खरं काम केलंय. मी सगळं पुस्तकातून शिकले. एकदा माझ्या वर्गात याल? मुलांना सांगाल, प्रत्यक्षात काय बिघडतं ते?"

माझी फजिती बघून वर हे. जखमेवर मीठ चोळणं दुसरं काय असतं? "मला वेळ नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "जमेल तेव्हा." डबा तिने आजही उभ्यानेच खाल्ला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तिला अजून कोणी खुर्ची दिलेली नाही, आणि तिनेही मागितली नाही. कोपऱ्यात उभं राहून खायचं म्हणजे सगळ्यांना दया यावी, ही पण एक युक्तीच.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज अंगाचा तिळपापड झाला आहे. अक्षर वाकडं येतंय, तरी लिहिते.

समितीसमोर काय करायचं ते ठरलं. पाच शाळांना वह्या-पुस्तकांची साठ खोकी खरोखर पोचवायची. टेम्पो खरा, शाळा खऱ्या. काम दोन्ही तुकड्यांच्या मुलांनी करायचं. मुख्य कोण? खोकेवाली. मी 'मार्गदर्शक', म्हणजे सरांच्या गाडीत मागच्या सीटवर.

तेही गिळलं असतं. पण माल भरण्याची प्रमुख म्हणून तिने कोणाला निवडलं? चष्मेवालीला. माझ्या चष्मेवालीला!

मी वर्गात डोकावले, तर जमिनीवर खडूने टेम्पो आखलेला, आणि माझी पोर त्यात उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडते आहे. "शेवटी उतरायचंय ते आधी आत! पहिल्यांदा उतरायचंय ते दाराशी!" आवाज खणखणीत. माझ्या वर्गात दीड वर्षात तिचा एवढा आवाज मी ऐकला नाही. आणि ती हसत होती.

मला पाहून थांबली. "बाई, बघा ना, किती सोपं आहे," म्हणाली. सोपं आहे म्हणे! उलट क्रमाने माल भरायचा हे मी तिला नोव्हेंबरमध्येच सांगितलंय, पान बेचाळीसवर आहे. पण तेव्हा तिने असं 'बघा ना' म्हटलं नव्हतं.

मला तिचा हेवा वाटतो. झालं, लिहिलं एकदाचं. खोकेवालीचा हेवा वाटतो, तिच्या खोक्यांचा, खडूच्या टेम्पोचा, आणि सगळ्यात जास्त त्या पोरीच्या आवाजाचा.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

जे केलं ते लिहिते. ही वही कोणी वाचत नाही.

उद्या समिती. माल भरायच्या खोलीत फळ्यावर खोकेवालीने पाच शाळा आणि त्यांचा क्रम लिहून ठेवला आहे. सरावात शाळा खोट्या होत्या. खरा क्रम मुलांना उद्या सकाळी प्रथमच दिसणार, तेही फळ्यावरच. टेम्पोवाल्याकडे तोच क्रम लिहिलेली वेगळी चिठ्ठी दिलेली आहे. ती स्वतः उद्या फाटकावर पाहुण्यांना घ्यायला उभी राहणार.

पाच वाजता सगळे गेले. मी छत्री विसरले म्हणून परत आले, आणि ती खरंच विसरली होती. खोलीचं दार उघडं होतं. बाजारामागची शाळा क्रमांक १, टेकडीवरची शाळा क्रमांक ५. बोटाने दोन आकडे पुसले. १ च्या जागी ५, ५ च्या जागी १. बस्स. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

आता पहिल्या शाळेची खोकी सगळ्यात आत जाणार आणि शेवटच्या शाळेची दाराशी. पहिल्याच दारात समितीसमोर सगळा टेम्पो रिकामा करावा लागेल. कोणाला इजा होणार नाही, कशाची मोडतोड होणार नाही. फक्त तिचं ते हसू जाईल.

हात धुतले तरी खडू नखात आहे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

काय सांगू! बेत पुरा झाला आणि माझ्याच अंगावर आला.

बाजारामागच्या शाळेपाशी टेम्पोचं दार उघडलं. समोर टेकडीवरच्या शाळेची खोकी. चष्मेवालीने टेम्पोवाल्याकडची चिठ्ठी बघितली, खोक्यावरचं नाव बघितलं, परत चिठ्ठी बघितली. तिचा चेहरा पांढरा पडला. "उतरवा, सगळं उतरवा," ती म्हणाली, आणि मुलांनी रस्त्यावर खोक्यांचा ढीग घालायला सुरुवात केली. मागे गाड्या अडल्या, भोंगे सुरू. समितीच्या अध्यक्षा, करड्या केसांच्या आणि कडक बाई, वहीत काहीतरी लिहू लागल्या. खोकेवाली एका खोक्याला धरून नुसती उभी होती. हसू गेलं होतं. मला हवं होतं ते समोर होतं.

आणि मला ते बघवेना. तिच्यासाठी नाही हो! तो ढीग बघवेना. अकरा वर्षं गोदामात घालवलेल्या माणसासमोर कोणी साठ खोकी अशी रस्त्यावर फेकतं का? मी गाडीतून उतरले आणि ओरडले, "थांबा! सगळा माल काढू नका! डाव्या बाजूची एकच थप्पी काढा, बोळ करा, बारीक असेल त्याने आत शिरा, आणि खोकी हातोहात बाहेर द्या!"

पोरं क्षणभर बघत राहिली, मग कामाला लागली. एकच थप्पी काढली, बोळ झाला, एक सडपातळ मुलगा आत शिरला. साखळी झाली. बारा खोकी बाहेर आली, त्यांच्या जागी टेकडीवरच्या शाळेची खोकी आत गेली, बाकीची परत जागेवर. पंधरा मिनिटं लागली. पुढच्या चारही शाळांना कुठे अडलं नाही. पाचव्या शाळेला वेळेच्या आधी पोचलो.

मग अध्यक्षा बाईंनी विचारलं, "पहिल्या ठिकाणी काय झालं होतं? चूक कोणाची?"

चष्मेवाली पुढे झाली. ती काही बोलणार, एवढ्यात खोकेवाली शांतपणे म्हणाली, "चूक आम्ही मुद्दाम ठेवली होती. चुकल्यावर मुलं काय करतात, ते बघायचं होतं."

"अरे वा! आणि ऐन वेळी ज्येष्ठ बाईंनी मार्ग दाखवायचा, तेही ठरलेलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली.

बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या. टेम्पोवाल्याने वाजवल्या.

म्हणजे मी केलेली चूक तिची झाली, मी सुचवलेला उपाय तिचा झाला, आणि मी कोण? तिच्या पाठातलं एक पात्र! कपाळ माझं. चष्मेवाली टेम्पोमागे रडत होती, पण तिला रडायला काही लागत नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

संस्थाभर एकच विषय. मुद्दाम ठेवलेली चूक. हिशोबाचे मास्तर मला म्हणतात, "काय डोकं आहे हो नव्या बाईंचं! तीस वर्षांत कोणाला सुचलं नाही." मी चहा तसाच ठेवून उठले.

तिला कळलंय का? फळ्यावरचे दोन आकडे आपले नाहीत, हे तिला दिसलं असेलच. मग बोलत का नाही? बोलेल कशी, फायदा तिचाच आहे.

चष्मेवाली आली नाही. बरं नसेल.

१ मार्च, बुधवार

चष्मेवाली आजही नाही. तीन दिवस झाले. 'ब' तुकडीतली एक मुलगी सांगत होती, ती खोकेवालीवर भयंकर चिडली आहे. खोकेवाली तिला दुकानात भेटायला गेली, तर ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझीच होती ती पोर.

जेवताना ह्यांना विचारलं, "समजा, तुम्ही एक घड्याळ बिघडवलं, आणि त्या बिघाडासाठी दुसऱ्याला बक्षीस मिळालं, तर?"

"मी घड्याळ बिघडवेनच कशाला?" हे म्हणाले. मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "काय बिघडवलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण ताटातलं तसंच टाकून उठले. असं ते करत नाहीत कधी.

३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

सरांच्या खोलीत आम्ही दोघी. समितीचा अहवाल आला होता. सर वाचत होते आणि खूश होत होते. समितीला मुद्दाम ठेवलेली चूक इतकी आवडली की हा पाठ सगळ्या संस्थांच्या अभ्यासक्रमात घालायचा, आणि नव्या बाईंनी तो त्यांच्या नावाने लिहून द्यायचा. त्यांना कायम करायचं, आणि पुढच्या वर्षीचा वर्ग अर्थात त्यांना.

"मोठ्या बाईंच्या सहकार्याचाही उल्लेख आहे," सर म्हणाले. सहकार्य!

गप्प बसले असते तर काही बिघडणार नव्हतं. मान राखून नोंदणी कक्षात गेले असते. खोकेवाली मान खाली घालून बसली होती, हसत नव्हती. आणि मी विचार करत होते, अभ्यासक्रमात तिचं नाव! माझ्या चुकीवर तिचं नाव!

"ती चूक माझी आहे," मी म्हटलं.

सर हसले. "बाई, तुमचा हातभार आम्ही—"

"हातभार नाही. मी गेल्या शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावरचे आकडे बदलले. समितीसमोर हिची नाचक्की व्हावी म्हणून. आणि रस्त्यात बोळ करायला सांगितला, तोही कोणी ठरवलेला नव्हता. दोन्ही माझं होतं."

हे मी खरेपणापोटी बोलले नाही. या वहीत तरी खोटं नको. मला ते तिच्या नावावर बघवेना म्हणून बोलले.

सरांनी अहवाल खाली ठेवला. "म्हणजे समितीला जे सांगितलं गेलं—" त्यांनी तिच्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, की मी स्वतःला उघडं पाडताना तिलाही उघडं पाडलं. ती समितीशी खोटं बोलली होती, आणि तिचा करार एका वर्षाचा आहे.

बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, "तुम्ही मला वाचवायला गेलात आणि—"

"तुम्हाला?" ती वळली. जानेवारीपासून आज पहिल्यांदा मी तिला चिडलेलं बघितलं. "मी तुम्हाला नाही वाचवलं! ती पोर पुढे झाली होती. 'माझंच चुकलं' म्हणणार होती. सगळ्यांसमोर. दीड वर्षं तुमची मुलगी आहे ती, तुम्हाला दिसलं नाही? फळा बघितल्यावर मला दोन मिनिटांत कळलं कोणी केलं ते. पण तोवर मी सांगून बसले होते. आणि आता ती मला विचारते, मुद्दाम केलं होतंत तर मला आधी का नाही सांगितलंत, मला सगळ्यांसमोर का रडवलंत? काय सांगू मी तिला? तुमचं नाव सांगू? तुम्हाला ती देव मानते हो!"

ती खोक्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं चष्मेवालीला बरं नसेल.

५ मार्च, रविवार

सकाळी पार्सलच्या दुकानात गेले. हे म्हणाले, "मी येऊ?" म्हटलं, "नको, मी बिघडवलंय." त्यांनी मान डोलावली.

रांगेत उभी राहिले. चष्मेवाली वजन करून शिक्के मारत होती. माझा नंबर आल्यावर म्हणाली, "बाई! काय पाठवायचंय?"

"काही नाही. सांगायचंय." आणि सांगितलं. मागे चार माणसं होती, त्यांनीही ऐकलं असणार. फळा मी पुसला. तुझं काही चुकलं नव्हतं. तू फळ्यावर होतं तसंच भरलंस. नव्या बाईंनाही माहीत नव्हतं, त्यांनी तुझ्यासाठी तसं सांगितलं.

तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आठ दिवस मी रोज तो टेम्पो डोक्यात भरते आहे," ती म्हणाली. "दर वेळी बरोबर येतो. मला वाटलं, मला वाचताच येत नाही बहुतेक." मग शिक्का खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही का केलंत?"

"तू तिच्या वर्गात हसत होतीस म्हणून."

हे उत्तर मी ठरवून नेलं नव्हतं. तिने शिक्का परत उचलला. मग म्हणाली, "बाई, मागे लोक थांबलेत," आणि पुढच्याचं पार्सल घेतलं.

६ मार्च, सोमवार

चष्मेवाली वर्गात आली. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसली. पूर्वी पहिल्या बाकावर बसायची.

सरांनी बोलावलं. "हे खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण नव्या बाईंनी स्वतः समितीला पत्र लिहून खरं काय ते कळवलंय. आता वर्गाचं काय करू? तुम्हीच सांगा."

एकोणीस वर्षं. उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. "तिला द्या. मी माझ्याच मुलीला रस्त्यात रडवलं आणि ते मला दिसलंही नाही. मला वर्ग देऊ नका."

घरी आल्यावर खूप रडले. पश्चात्तापाने म्हणावं तर तसंही नाही. वर्ग गेला म्हणून रडले.

२० मार्च, सोमवार

समितीचं उत्तर शुक्रवारी आलं. पाठ चांगला आहे, तो ठेवा. मात्र चूक असणार हे मुलांना आधी सांगितलेलं असावं. नव्या बाईंना कायम करता येत नाही, करार आणखी एक वर्ष वाढवतो. खोटं बोलल्याबद्दल समज. पाठाखाली कोणाचंच नाव नाही.

कायम झाली असती ती. माझ्या एका वाक्याने ते राहून गेलं. मी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "मला अजून राग आहे." मी म्हटलं, "असू दे." आमच्या खोलीत माझ्या शेजारी खुर्ची ठेवली तिच्यासाठी. दोन दिवस बसली नाही. आज बसली.

१९ जून, सोमवार

नोंदणी कक्ष. खिडकी, सायकली, हजेऱ्या. वर डोक्यावर बरोबर तिचा वर्ग आहे, दिवसभर खोकी सरकल्याचे आवाज येतात. सरकवताना उचलत नाहीत, ओढतात. गोदामात असं केलं असतं तर हाकललं असतं. पण मला कोणी विचारलेलं नाही.

चार वाजता ती दारात येऊन उभी राहिली. आत येईना.

"बाई, उद्या माल भरायचा पाठ आहे. चूक ठेवायची आहे. मला माहीत असलं की मुलं माझ्या तोंडावरून ओळखतात." थांबली. "तुम्ही बिघडवाल का काहीतरी? मला सांगू नका काय ते. मुलांना सांगून ठेवलंय की कुठेतरी चूक असणार, आणि ती तुम्ही करणार."

"विचार करून सांगते," मी म्हटलं. विचार कसला डोंबलाचा, सात गोष्टी तयार होत्या.

२० जून, मंगळवार

सकाळी मुलं यायच्या आधी वर गेले. आकड्यांना हात लावला नाही, ते सगळे आधी तपासणार. दोन खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवून आतला माल बदलला. वजनाने जड असलेलं हलकं केलं, हलकं ते जड. हातात घेऊन उचलल्याशिवाय कळणार नाही, आणि ही पोरं तर ओढतात. तास तरी जाईल असं वाटलं होतं.

सव्वादहाला पाठ सुरू झाला. वरून ओरडा आला, "मोठ्या बाई येऊन गेल्यात, नीट बघा!" मग हसणं. मी दाखला लिहीत होते, तीन चुका केल्या.

दहा वाजून एकोणीस मिनिटांनी चष्मेवाली खाली आली. धावत आली होती. दोन्ही खोक्यांचे आकडे सांगितले. "उचलून बघितली सगळी," म्हणाली.

"चार मिनिटं?" मी म्हटलं. "खरंच चार मिनिटांत?"

"हो बाई." आणि हसली. तसंच हसली, खडूच्या टेम्पोत उभी राहून हसली होती तसं. मग वरून कोणीतरी हाक मारली आणि ती पळाली.

मला तिच्या मागोमाग वर जायचं होतं. सगळ्यांसमोर सांगायचं होतं, बघा, ही उचलून बघते, तुम्ही ओढता. जिन्यापर्यंत गेले. वर खोकेवाली तेच सांगत होती, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि मुलं ऐकत होती. चांगलं सांगत होती. मी खाली उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि मला तिचा हेवा वाटला. मग कक्षात येऊन दाखला पहिल्यापासून लिहिला.